पत्ता नसलेल्या माणसाने टपाल कुठे मागवायचं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. तुम्ही सायकलवरून पाच महिन्यांच्या प्रवासाला निघताय, वाटेत चार-पाच देश लागणार आहेत आणि कुठेही आठवड्याहून जास्त मुक्काम नाही. घरच्यांची पत्रं, चष्म्याची दुसरी जोडी आणि बँकेचं नवं कार्ड वाटेत मिळायला हवं. टपालघर आपल्या नावाचं पत्र ठेवून घेतं आणि आपण जाऊन ते आणायचं, असं तुम्ही ऐकलंय. ही सोय अजून चालते का, पत्ता कसा लिहायचा आणि पत्र हरवू नये म्हणून काय करायचं, हे तुम्हाला हवंय. शिवाय मागे घरी येणाऱ्या टपालाचाही प्रश्न आहे.

मी 31 वर्षं टपालखात्यात काढली. त्यातली बरीचशी अशा काउंटरवर गेली जिथे लोक ‘माझ्या नावाचं काही आलंय का’ एवढंच विचारायला येतात. ही सोय अजून चालते. मात्र ती नेहमीच्या टपालासारखी चालत नाही, आणि लोकांचं जे नुकसान होतं ते बहुतेक वेळा हा फरक ध्यानात न घेतल्यामुळेच होतं.

नेहमीच्या टपालात पत्र पोचवण्याचं काम पत्ता करतो. गाव, रस्ता, घर बरोबर असलं की नावात दोन अक्षरं चुकली तरी पोस्टमन पत्र दारात टाकतो, घरातले लोक ते कुणाचं ते ओळखतात. तुमच्या बाबतीत पत्ता टपालघराच्या उंबऱ्यापाशी संपतो. तिथून पुढे, म्हणजे शंभर पाकिटांतून तुमचं पाकीट काढून तुमच्याच हातात देण्यापर्यंत, सगळं काम तुमच्या नावाला करावं लागतं. आणि ते नाव वाचणारा माणूस तुमची भाषा जाणत नसतो. म्हणून पुढे मी जे लिहिणार आहे त्यातलं निम्मं नावाबद्दल आहे. उरलेलं तारखेबद्दल.

या सोयीचं जगभर समजणारं नाव फ्रेंच आहे: ‘पोस्त रेस्तांत’, म्हणजे थांबून राहिलेलं टपाल. 1874 साली बर्न इथे 22 देशांनी टपालाचा करार केला, त्यातून पुढे जागतिक टपाल संघटना झाली, आणि तिची अधिकृत भाषा फ्रेंच ठरली. त्यामुळे हे दोन शब्द कुठल्याही देशातल्या अनुभवी टपाल कर्मचाऱ्याला ओळखू येतात. तरी जिथे पत्र जाणार आहे तिथला शब्दही सोबत लिहावा, कारण थैली उघडणारा मुलगा कदाचित कालच नोकरीला लागलेला असेल. जर्मन भाषेत ‘पोस्टलागर्न्ड’, इटालियनमध्ये ‘फेर्मो पोस्ता’, जपानमध्ये ‘क्योकुदोमे’, अमेरिकेत ‘जनरल डिलिव्हरी’. स्पॅनिशमध्ये ‘लिस्ता दे कोर्रेओस’ म्हणतात, म्हणजे टपालाची यादी. ज्यांची पत्रं येऊन पडली आहेत त्यांच्या नावांची यादी टपालघरात लावायची जुनी पद्धत त्या नावात टिकून राहिली आहे.

खरं तर टपाल दारात येणं हीच नंतरची गोष्ट. अमेरिकेत शहरांमध्ये घरपोच मोफत वाटप 1863 साली सुरू झालं आणि खेड्यांत 1896 साली. त्याआधी बहुतेक जण टपालघरात जाऊन पत्र घेत. न नेलेल्या पत्रांच्या याद्या वर्तमानपत्रांत छापल्या जात. अब्राहम लिंकन 1833 पासून तीन वर्षं न्यू सेलम या छोट्या वस्तीचे पोस्टमास्तर होते, तेव्हा तिथलं काम याच पद्धतीचं होतं. त्याहून मागे जायचं तर सन 1500 मध्ये एका पोर्तुगीज कप्तानाने आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या मॉसेल बे इथे, मागून येणाऱ्या जहाजांसाठी पत्र लिहून एका जोड्यात घातलं आणि तो जोडा झाडाला टांगला. पुढच्या वर्षी दुसऱ्या पोर्तुगीज जहाजाला ते सापडलं. पत्ता नाही, पत्र आहे आणि ते घ्यायला कुणीतरी येणार आहे: हे काम इतकं जुनं आहे.

आता पत्ता. पाकिटावर ओळी या क्रमाने असाव्यात:

पूर्ण नाव, आडनाव मोठ्या अक्षरांत आणि खाली रेघ
पोस्त रेस्तांत (खाली त्या देशातला शब्द)
टपालघराचं नेमकं नाव
पिनकोड आणि गाव
देश

नाव तुमच्या पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर तसंच. घरात हाक मारतात ते नाव नको, लग्नाआधीचं नको, ‘मिस्टर’, ‘डॉक्टर’ काहीही पुढे नको. आडनावाला रेघ का म्हणता? बहुतेक टपालघरांत थांबवलेली पाकिटं आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे कप्प्यांत लावतात. पण तुमच्या नावातलं आडनाव कोणतं हे परदेशातल्या माणसाला कसं कळणार? हंगेरीत, जपानमध्ये, चीनमध्ये आडनाव आधी येतं. तिथला कर्मचारी पहिला शब्द आडनाव समजेल. स्पॅनिश मुलखात दोन आडनावं असतात, तिथे मधलं नाव हे पहिलं आडनाव वाटेल आणि पत्र त्या अक्षराच्या कप्प्यात जाईल. मोठी अक्षरं आणि रेघ ही भाषा मात्र सगळ्यांना कळते.

याचं मोल मला एका पाकिटाने शिकवलं. नोकरीची पहिली काही वर्षं होती. एक परदेशी तरुण सलग तीन दिवस काउंटरवर आला. आईचं पत्र येणार होतं, तो वाट पाहत होता. मी तिन्ही दिवस त्याच्या आडनावाचा कप्पा पाहिला आणि ‘नाही’ म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी तो पुढच्या गावाला निघून गेला. त्यानंतर आठवड्याने मी दुसऱ्या कुणाचं पाकीट शोधत होतो, तेव्हा त्याच्या पहिल्या नावाच्या कप्प्यात त्याचं पत्र मिळालं. तो पहिल्यांदा आला त्याच्या आदल्या दिवशीचा शिक्का त्यावर होता. तो कुठे गेला हे मला माहीत नव्हतं. मुदत संपल्यावर ते पत्र मी स्वतः परतीच्या गठ्ठ्यात बांधलं. तेव्हापासून मी नावातल्या प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षराचा कप्पा पाहिल्याशिवाय कुणालाही ‘नाही’ म्हटलं नाही, आणि हाताखालच्या प्रत्येक नव्या माणसाला हेच शिकवलं. पण तुम्ही ज्या काउंटरवर जाल तिथल्या माणसाला कुणी शिकवलं असेल याची खात्री नाही. म्हणून तुम्हीच सांगा: ‘माझ्या पहिल्या नावाच्या अक्षरातही बघता का?’ नाव तोंडी सांगू नका. पासपोर्ट उघडून समोर ठेवा किंवा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या, म्हणजे त्याला कानावर नव्हे तर डोळ्यांवर काम करता येईल.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. साधी पत्रं, सहीवर द्यायची रजिस्टर पत्रं आणि पार्सलं ही तीन ठिकाणी ठेवलेली असतात. साधी पत्रं काउंटरमागच्या कप्प्यांत, रजिस्टर पत्रं कुलपात आणि वहीत नोंदवून, पार्सलं मागच्या खोलीत. ‘माझं काही आलंय का’ म्हटलं की कर्मचारी हाताशी असलेले कप्पे पाहतो आणि मान हलवतो. तिन्हींची नावं घेऊन वेगवेगळं विचारा. यात उद्धटपणा नाही. आम्हाला उलट बरं वाटतं, कारण कुठे शोधायचं ते कळतं.

सोबत एक छोटी यादी ठेवा: कुणी पाठवलं, कुठून, कोणत्या तारखेला, पाकीट की पार्सल, रंग कोणता. एकाच नावाचे दोन प्रवासी त्याच आठवड्यात येतात, असं माझ्यासमोर घडलं आहे. तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव ज्याला सांगता आलं त्याला पत्र मिळालं.

आद्याक्षरं, आकडे, टोपणनाव, खुणेचा शब्द असलं काही नावाच्या जागी चालत नाही. आंतरराष्ट्रीय टपालाच्या नियमांतच त्याला मनाई आहे आणि ती योग्य आहे. ओळख पटवून द्यायचं टपाल ज्या नावाची ओळख पटवता येत नाही त्या नावाने घेणार कसं?

आता तारीख, कारण पत्र कायम पडून राहत नाही. फ्रान्समध्ये 15 दिवस ठेवतात, जपानमध्ये 10. ब्रिटनमध्ये देशातल्या देशात आलेलं दोन आठवडे आणि परदेशातून आलेलं महिनाभर. अमेरिकेत 30 दिवसांपर्यंत. आणि हे दिवस पत्र टपालघरात पोचतं तेव्हापासून मोजतात, तुम्ही गावात पोचता तेव्हापासून नव्हे. मुदत संपली की पत्र पाठवणाऱ्याकडे परत जातं.

हिशोब करून दाखवतो, म्हणजे अडचण कुठे आहे ते दिसेल. समजा तुम्ही 20 जूनला एका गावात पोचणार आहात, पण सायकल आहे, पाऊस आहे, पाच दिवस इकडेतिकडे होणार. म्हणजे 15 ते 25 जून. घरून टाकलेलं पत्र 7 दिवसांत पोचू शकतं किंवा 15 दिवस घेऊ शकतं. तुम्ही लवकर पोचलात आणि पत्र उशिरा आलं तरी चुकामूक होऊ नये म्हणून ते 31 मेपर्यंत टाकायला हवं. पण तेच पत्र लवकर पोचलं तर 7 जूनला तिथे असेल आणि 15 दिवसांची मुदत 22 जूनला संपेल. तुम्ही 25 जूनला पोचलात की पत्र तीन दिवसांपूर्वी परत गेलेलं. हिशोब जमतच नाही! उपाय दोनच, महिनाभर ठेवणाऱ्या देशातलं गाव निवडायचं, किंवा मग पत्राऐवजी स्वतःचं वेळापत्रक पक्कं करायचं. पाच महिन्यांच्या प्रवासात असे तीन-चारच थांबे ठरवा. दर आठवड्याला नवं टपालघर देणारे प्रवासी मी पाहिलेत, त्यांची निम्मी पत्रं त्यांच्या मागून फिरत राहतात.

पाकिटाच्या कोपऱ्यात ‘15 ते 25 जून दरम्यान नेणार’ असं त्या देशाच्या भाषेत लिहायला सांगा. अमेरिकेत हजारो किलोमीटरच्या पायवाटा चालणारे लोक, उदाहरणार्थ 4,200 किलोमीटरहून लांब असलेल्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवरचे, अन्नाची खोकी वाटेतल्या छोट्या टपालघरांत आधीच पाठवून ठेवतात. खोक्यावर ‘पदयात्रीसाठी ठेवावे’ आणि येण्याची अंदाजे तारीख ठळक लिहिलेली असते. या ओळीने नियम बदलत नाही. पण परतीचा गठ्ठा बांधताना कर्मचाऱ्याच्या नजरेला ती तारीख पडते आणि हात थांबतो. माझा थांबत असे.

पाठवणाऱ्याचा पत्ता पाकिटाच्या मागे असायलाच हवा. तो नसला आणि तुम्हीही आला नाहीत, तर ते पाकीट बेवारस टपालाच्या कार्यालयात जातं. ब्रिटनचं असं केंद्र बेलफास्टला आहे, अमेरिकेचं अटलांटाला. तिथे ठराविक अधिकाऱ्यांनाच पाकीट उघडून आत पत्ता सापडतो का ते पाहायची मुभा असते. म्हणून एक चिठ्ठी आतही घालावी, दोन्ही नावं-पत्ते लिहून. बाहेरचं लेबल ओल लागून निघून जातं, आतली चिठ्ठी राहते. पार्सलात तर घालाच.

टपालघर कोणतं निवडावं? पुष्कळ प्रवासी राजधानीचं मुख्य टपालघर निवडतात, कारण ते सापडायला सोपं. मला ते पटत नाही. एका शहरात वीस टपालघरं असतील आणि ‘मुख्य’ कोणतं यावरच घोळ असेल, तर पत्र विसाव्या ठिकाणीही जाऊ शकतं. जिथे एकच टपालघर आहे असं मध्यम गाव चांगलं. तिथे सायकलवाला परदेशी आला की काउंटरवरच्या माणसाला तो कुणाची वाट पाहतोय ते कधी कधी आधीच ठाऊक असतं. पण निवडण्याआधी तीन गोष्टी त्या टपालखात्याकडून विचारून घ्या: त्या शाखेत ही सोय आहे का, शाखा आठवड्यात किती दिवस किती तास उघडी असते आणि त्या काळात सलग सुट्या येतात का. अनेक देशांत छोटी टपालघरं आता दुकानांतून चालतात, काही आठवड्यातून थोडेच तास उघडतात, आणि सगळ्याच शाखांना थांबवलेलं टपाल घेण्याची परवानगी नसते.

पिनकोड त्या टपालघराचाच हवा, नुसता गावाचा नको. यामागे एक कारण आहे जे माझ्या नोकरीच्या काळात वाढत गेलं. पूर्वी पत्र निवडणारा माणूस पूर्ण पत्ता वाचायचा. आता यंत्र आधी कोड वाचतं आणि पत्र त्या भागाच्या पोस्टमनच्या गठ्ठ्यात टाकतं. ‘पोस्त रेस्तांत’ ही ओळ यंत्राच्या दृष्टीने रस्त्याचं नाव नाही, घरक्रमांक नाही. पोस्टमन सकाळी गठ्ठा उघडतो, असा रस्ता आपल्या वाटेवर नाही म्हणतो, आणि ते पत्र ‘पत्ता अपुरा’ म्हणून परत निघतं. अमेरिकेने यावर साधा तोडगा काढला: पाच आकडी कोडनंतर 9999 लिहायचं, म्हणजे यंत्रालाच कळतं की हे वाटायचं नाही, काउंटरवर ठेवायचं. जिथे असा वेगळा कोड आहे तिथे तो जरूर वापरा.

आणखी एक: टपालघरात ठेवायच्या वस्तू टपालखात्यामार्फतच पाठवा. खासगी कुरिअरच्या माणसाला घराचा पत्ता, फोन आणि सही करणारा माणूस लागतो. बहुतेक ठिकाणी टपालघर त्यांची पाकिटं स्वीकारत नाही, त्याचा नियमच तसा असतो.

आता तुमच्या तीन वस्तू. पत्रं सोपी आहेत. चष्मा पार्सल म्हणून जाईल, त्यावर जकातीचा फॉर्म लागेल. छोट्या आणि कमी किमतीच्या वस्तूला सीएन 22, मोठ्या किंवा महागड्या वस्तूला सीएन 23. त्यात ‘वैयक्तिक वापराचा नंबरचा चष्मा’ असं स्पष्ट लिहावं आणि किंमत खरी लिहावी. नुसतं ‘भेटवस्तू’ लिहिलं की जकात अधिकारी पार्सल उघडून बघणार आणि तुमच्या मोजलेल्या दिवसांतले काही तिथेच जाणार. जकात लागली तर ती काउंटरवर भरून पार्सल सोडवावं लागतं, तेव्हा हाताशी पैसे ठेवा. सायकलच्या दिव्यासाठी किंवा फोनसाठी सुटी लिथियम बॅटरी घरून मागवायचा विचार असेल तर तो सोडा. विमानातून जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय टपालात सुट्या लिथियम बॅटऱ्यांना बंदी आहे. औषधं मागवायची झाली तर त्या देशात ती टपालाने येऊ देतात का हे आधी पाहा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी आत घाला.

कार्डाबद्दल मी जरा आग्रहाने सांगतो. बँका सहसा अशा पत्त्यावर कार्ड पाठवायला तयार नसतात, आणि ते बरोबर आहे. निघण्याआधी कार्डाच्या मुदतीचा प्रश्न बँकेत जाऊन सोडवता येत असेल तर आधी तेच करा. नसेल तर कार्ड घरी येऊ द्या आणि घरच्यांनी ते रजिस्टर टपालाने पाठवावं. साध्या पाकिटात कधीही नको. रजिस्टर टपाल प्रत्येक हातातून सहीने जातं आणि टपालघरात कुलपात राहतं. कार्डाचा पिन त्याच पाकिटात नको, वेगळ्या पाकिटातही नको. पत्रात रोख पैसे घालणाऱ्यांना मी आयुष्यभर विनंती केली आहे की घालू नका, तुम्हालाही करतो.

तुमच्याऐवजी सोबत्याला पत्र आणायला पाठवणार असाल तर तुमच्या सहीचं अधिकारपत्र, तुमच्या पासपोर्टची प्रत आणि त्याची स्वतःची ओळख हे सगळं लागेल. तरी काही देशांत देत नाहीत. स्वतः जाणं उत्तम. आणि एखादं पत्र यायचं राहिलं असताना पुढे निघायची वेळ आली तर काउंटरवर पुढच्या थांब्याचा पत्ता लिहून द्या. पत्र तिकडे वळवण्याचा अर्ज बहुतेक ठिकाणी असतो. फक्त पार्सलाला त्यासाठी पुन्हा पैसे पडू शकतात.

घरच्या टपालाकडे वळतो. ‘माझं टपाल अमुक दिवस वाटू नका, टपालघरात ठेवा’ अशी सोयही अनेक देशांत असते. अमेरिकेत ती 3 ते 30 दिवसांसाठी मिळते, ब्रिटनमध्ये 100 दिवसांपर्यंत. पेटीतून बाहेर आलेली पाकिटं घर रिकामं असल्याचं चोराला सांगतात, म्हणून छोट्या सहलीला ही सोय फार चांगली. पण पाच महिन्यांना ती पुरत नाही. तुमच्यासाठी टपालाचा पत्ता तात्पुरता एखाद्या विश्वासू नातेवाइकाकडे वळवणं हाच मार्ग. त्या माणसाला पाकिटं उघडून फोटो पाठवायची लेखी मुभा देऊन ठेवा. कर, विमा, न्यायालय यांच्या पत्रांना उत्तराची मुदत असते. आणि ध्यानात ठेवा, अशा विनंत्या टपालखात्यापुरत्याच लागू होतात. कुरिअरवाला पूर्वीसारखाच दारात येत राहील.

पार्सलांसाठी आता कोड टाकून उघडायची कपाटंही अनेक शहरांत आहेत. जर्मनीत अशी पहिली कपाटं 2001 साली आली. ती छान आहेत, रात्रीही उघडतात. पण मुदत थोड्याच दिवसांची असते आणि बऱ्याचदा तिथला फोन किंवा खातं लागतं. तुमच्यासारख्या वाटसरूला त्यांचा भरवसा धरता येणार नाही.

हा प्रश्न प्रवाशाचा असला तरी मला दुसरी माणसंही आठवतात. या सोयीवर सगळ्यात जास्त जी विसंबून असतात ती सहलीला निघालेली नसतात. हंगामी मजूर, जहाजावरचे खलाशी, घर सुटलेले लोक. अमेरिकेत ज्याला घरच नाही त्यालाही जनरल डिलिव्हरीतून टपाल घेता येतं, आणि नोकरीचं पत्र किंवा सरकारी मदत त्याच वाटेने त्याच्यापर्यंत पोचते. माझ्या काउंटरवर एक बाई दर गुरुवारी दोन लहान मुलांना घेऊन यायची. ती कुठे राहते हे नवऱ्याला कळू नये म्हणून सगळं टपाल तिने आमच्याकडे मागवलं होतं. एकदा एक माणूस येऊन तिचं नाव घेऊन म्हणाला, ‘तिचं पत्र येतं का इथे?’ मी त्याला सांगितलं की कुणाचं टपाल येतं की नाही हे ज्याचं त्याला सोडून कुणालाही सांगितलं जात नाही. तो बराच वेळ उभा राहिला, मग गेला. तिला मी गुरुवारी सांगितलं. त्यानंतर तिने टपालघर बदललं, आणि राहिलेली पत्रं आम्ही तिच्या अर्जावर गुपचूप तिकडे वळवली. ओळखपत्र मागण्याचा तुम्हाला जो कंटाळा वाटेल, एकाच पानावर तीनदा सही करताना जी चिडचिड होईल, ती होताना हे आठवा. तो कर्मचारी तुमच्यावर अविश्वास दाखवत नसतो. तुमचं पत्र दुसऱ्या कुणाला न देण्याची सवय तो मोडू देत नसतो, एवढंच.

निघायला अजून तीन आठवडे आहेत म्हणता. मग एक करून पाहा. शेजारच्या ज्या गावच्या टपालघरात ही सोय आहे तिथल्या पत्त्यावर स्वतःच्या नावाने एक पोस्टकार्ड आणि एक रजिस्टर पाकीट टाका, घरच्यांकडूनच लिहून घ्या. आठवड्याने सायकल काढून जा, पासपोर्ट समोर ठेवा आणि दोन्ही मागा. कोणत्या कप्प्यात मिळालं, किती दिवस लागले, कर्मचाऱ्याने काय काय विचारलं ते लिहून घ्या. घरच्यांनी पाकिटावर जे चुकीचं लिहिलं असेल ते तिथेच दिसेल, आणि ते सुधारायला तुम्ही अजून घरीच असाल.